जिन्याकडची खिडकी

२ मार्च, गुरुवार

ही वही खरं तर दुकानाची. फ्रेमची मापं लिहायला आणली होती, पण मापं मी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहितो आणि हरवतो, त्यामुळे वही कोरीच राहिली. आज तिला काम मिळालं. मनातलं बोलायला घरात माणूस आहे, पण ते माणूस गाठायला वेळ मिळत नाही, म्हणून वही.

घरात आम्ही चौघं. मी चित्रांना, फोटोंना चौकटी करून देतो. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, सकाळी सातला कामावर हजर. मुलगी साडेपाच वर्षांची. तिला सगळे बाईसाहेब म्हणतात आणि ती त्याला ओ देते. मुलगा तीनचा. त्याचं नाव भुंगा पडलंय, कारण झोप लागेपर्यंत तो गुणगुणत असतो. गुणगुण थांबली की समजायचं, गडी झोपला.

ही गुणगुण थांबवणं म्हणजे आमची संध्याकाळ. साडेसहाला जेवण, सातला अंघोळ, मग दूध (बाईसाहेबांना निळ्या पेल्यात, भुंग्याला निळा सोडून कुठल्याही), दात, गोष्ट, पहिलं पाणी, शू, दुसरं पाणी, आणि शेवटी कुणाच्या तरी पोटावर भुंग्याचं डोकं. नवाच्या सुमारास आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात समोरासमोर येतो. ती विचारते, "झोपले?" मी म्हणतो, "झोपले." मग तीही झोपायला जाते, कारण तिला पाचला उठायचं असतं. गेल्या तीन वर्षांतलं आमचं सगळ्यात नेमानं झालेलं संभाषण हेच.

आज मास्तरांचा फोन आला. लग्नाआधी आम्ही दोघं त्यांच्या हौशी नाटकमंडळीत होतो. मी नेपथ्य करायचो, ती प्रॉम्प्टर. प्रयोग चालू असताना काही पडलं-झडलं तर जवळ असावा म्हणून मी हातोडी घेऊन विंगेत बसायचो, तिच्या खुर्चीमागे, जमिनीवर. आमचं जे काही जमलं ते तिथे, अंधारात, कुजबुजत. मास्तर म्हणाले, नवं नाटक बसवतोय, दर शुक्रवारी साडेसहा ते पावणेनऊ वाचन, दोघंही या.

दोघंही या. दिवसभर हेच कानात. काच कापतानाही.

३ मार्च, शुक्रवार

ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मुलांजवळ बसायला बोलावलं. ती म्हणाली, "तीन मुलं वाढवली मी. मला काय शिकवतोस?" तरी बायकोनं सगळा क्रम एका कागदावर लिहून दिला. आम्ही नटूनथटून निघालो. जिन्यात तिनं माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी. माझ्या हाताला डिंकाचा वास येत होता, पण तिनं तो सोडला नाही.

कोपऱ्यावरून वळेपर्यंत ताईचा फोन. मागे रडण्याचा असा आवाज, की वाटावं, गाडीखाली कुणी सापडलंय. ताईनं भुंग्याला निळ्या पेल्यात दूध दिलं होतं. तो रडला, म्हणून बाईसाहेब रडल्या, मग तो रडता रडता ओकला, ताईच्याच अंगावर. आम्ही आल्या पावली परत.

ताई निघताना म्हणाली, "अरे, ही मुलं आहेत की दोन जावई?"

बायको हसली. मीही हसलो. मग तिनं चांगले कपडे काढून ठेवले, आणि मला एकदम वाईट वाटलं. तिच्या निळ्या ड्रेसची घडी मोडायलाही वेळ मिळाला नव्हता.

५ मार्च, रविवार

तोडगा निघाला. एका शुक्रवारी मी जायचं, एका शुक्रवारी तिनं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझ्या शुक्रवारावर हातोडी काढली, तिच्या शुक्रवारावर खुर्ची. बाईसाहेबांनी रंगवून दिलं.

अडचणीवर तोडगा म्हणून ठीक आहे. पण मला माणसांची भेट हवी होती का? मला तिच्याबरोबर जायचं होतं. हे बोललो नाही. ती इतक्या उत्साहानं खुर्ची काढत होती, तिला संध्याकाळी बाहेर पडायला मिळणार म्हणून. तिच्या आनंदावर कशाला विरजण घाला?

१० मार्च, शुक्रवार

माझा शुक्रवार. हॉल तोच, भिंतींना पिवळा तेलरंग दिलाय. सगळे भेटले. रंगभूषावाल्या काकांनी मिठी मारली, मास्तरांनी पाठीत धपाटा घातला. प्रत्येकानं विचारलं, "आणि ती?" प्रत्येकाला म्हणालो, "मुलं." सोळा वेळा म्हणालो असेन.

वाचनात एक नवा मुलगा अडखळला आणि मी सवयीनं तिच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती.

तिचा एक नियम होता. नट थांबला की लगेच शब्द द्यायचा नाही. मनात तीन मोजायचे. विराम आहे की विसर पडलाय, ते तेवढ्यात कळतं. विसर असेल तर दोन शब्द द्यायचे, सपाट आवाजात, भाव न घालता, आणि गप्प बसायचं. मी विचारायचो, "चुकून कधी दोन मोजून बोललीस तर?" तर म्हणायची, "मग नट मला मारेल."

सव्वानवाला घरी आलो. मुलं झोपली होती, ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली होती. अंगावर पांघरूण घातलं. सांगण्यासारखं खूप होतं, ते इथे लिहितोय.

१७ मार्च, शुक्रवार

तिचा शुक्रवार. निळा ड्रेस घालून सहाला गेली. बाईसाहेबांनी वरून खाली बघून "चांगली दिसतेस" असं प्रमाणपत्र दिलं.

मी नवी गोष्ट लावलीय, पोस्टमन जिराफाची. त्याच्याजवळ पत्ता नसलेलं एक पत्र आहे, आणि तो उंच इमारतीच्या एकेका मजल्यावर, खिडकीतून मान घालून विचारत जातो, "हे तुमचं का?" ही गोष्ट फक्त शुक्रवारची, एका रात्रीत दोन-तीन मजले. इमारतीला मजले किती, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आज दुसऱ्या मजल्यावर, पाणघोड्याच्या खिडकीशी, जिराफ पोचला आणि बाईसाहेबांना पाणी हवं झालं. स्वतः जाते म्हणाल्या. बाहेर दाराची कडी वाजल्यासारखी वाटली, पण भुंगा माझ्या पोटावर, मला उठता येईना. ओरडून विचारलं, "कोण आहे गं?" "कुणी नाही!" मग आत आली, स्वतःची छोटी उशी उचलली, पुन्हा गेली आणि मोकळ्या हातांनी परत आली.

"उशी कुठंय?"

"तिला इथे गरम होत होतं."

मग झोपायच्या खोलीची जिन्याकडची खिडकी दोन बोटं उघडून ठेवायचा हुकूम झाला. आणि वर, "बाबा, मोठ्यानं सांग. तू फार हळू सांगतोस." मी नाटकवाला माणूस, मला कुणी आवाज लहान आहे म्हणावं? मी असा आवाज लावला, की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनाही जिराफ कळला असेल.

बायको सव्वानवाला आली. चेहरा उजळलेला. "कसं झालं?" "मस्त! तू केलेलं सगळं... म्हणजे मास्तरांनी केलेलं सगळं मस्त होतं." तिच्या ड्रेसच्या पाठीला पांढरा चुना लागला होता. झटकून दिला. मी गेलो तेव्हा हॉलला तेलरंग होता. आठवड्यात चुनाही लावला म्हणजे मास्तर अंगात आल्यासारखे कामाला लागलेत. आमच्याही जिन्याला परवाच घरमालकांनी चुना लावलाय. चुन्याचेच दिवस आहेत.

१८ मार्च, शनिवार

उशी चपलांच्या स्टँडवर सापडली. बाईसाहेबांना चार शब्द सुनावले. ऐकून घेतले आणि गालात हसल्या. ही मुलगी कुणावर गेलीय?

संध्याकाळी भांडी विसळताना बायको म्हणाली, "पाणघोड्यानं ते पत्र उजेडासमोर धरून बघायला नको होतं." मुलांनी तिला सगळं सांगितलेलं दिसतंय. मला बरं वाटलं. तेवढीच तिला गोष्ट चुकली नाही.

२३ मार्च, गुरुवार

उद्या हातोडीचा शुक्रवार. तो मी तिला देऊन टाकला. म्हटलं, "तूच जा. मला दुकानात काम आहे आणि तुला हौस आहे."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "तुला नाही जायचं?"

"तू आनंदात परत येतेस ना, मला तेच पुरतं."

"बरं," म्हणाली. तिला खूप आनंद झाला असेल असं वाटलं होतं. तसा काही दिसला नाही. दमली असेल.

खरं सांगायचं तर मला तिथे जाववत नाही. ती रिकामी खुर्ची बघून परत यायचं, त्यापेक्षा घर बरं. पण हे तिला कशाला सांगू? उगाच तिचं मन तिला खाईल, आणि मग तीही जायची नाही.

२४ मार्च, शुक्रवार

आज जिराफाला सायकल मिळाली. (मान एवढी लांब असताना सायकल कशी चालवतो, हा प्रश्न बाईसाहेबांनी विचारलाच. हळू चालवतो, म्हणालो.) भुंग्याच्या आग्रहावरून सायकलचं बारसं झालं. नाव ठेवलं मखमल.

उशी पुन्हा गायब, खिडकी पुन्हा दोन बोटं उघडी. मी विचारायचं सोडून दिलंय.

बायको सव्वानवाला आली. पुन्हा तसाच चेहरा. असा चेहरा मी विंगेत बघायचो, तिसऱ्या अंकात सगळं सुरळीत पार पडत असताना. घरात तो कधीच दिसत नाही. तो बाहेरूनच येतो, म्हणजे तो बाहेरच्याच कशानं तरी होत असणार. मी त्यात कुठे आहे, हा विचार आज पहिल्यांदा आला.

२९ मार्च, बुधवार

दुपारी रंगभूषावाले काका दुकानात आले. कुठल्यातरी जुन्या प्रयोगाचा फोटो, फ्रेम करायला. मी माप घेत होतो आणि ते आपले बोलत होते.

"वहिनींना म्हणावं, जरा बसत जा. आल्या आल्या पळतात."

"म्हणजे?"

"अरे, सातला उठतात. चहासुद्धा अर्धा सोडतात. म्हणतात, मुलं वाट बघतायत."

मी फूटपट्टी फोटोवर ठेवून तशीच धरून राहिलो. हॉलपासून घर अर्ध्या तासाच्या अंतरावर. चालत. सातला निघालेलं माणूस सव्वानवाला घरी येतं.

काकांना म्हणालो, "हो, मुलं फार लहान आहेत अजून." काका गेले. त्यांची काच मी दोनदा चुकीची कापली.

३० मार्च, गुरुवार

संशय घ्यायला मी शिकलेलो नाही, त्यामुळे तो नीट घेताही येत नाही. एकदा वाटतं, मैत्रिणीकडे जात असेल. मग वाटतं, मैत्रीण असती तर सांगितलं असतं. एकदा वाटतं, एकटीच कुठेतरी बसत असेल, बाकावर, कुणी "आई" म्हणून हाक मारणार नाही अशा जागी. हे सगळ्यात खरं वाटतं आणि सगळ्यात जास्त लागतं. दोन तास कुणी नको असावं, त्यात मीही आलो ना.

मी तर रोज तिच्यासाठी झुरतोय. एका घरात राहून. एका कॅलेंडरवर. सांगायला गेलं तर लोक हसतील, बायको समोर आहे आणि हा तिची आठवण काढतोय.

रात्री विचारलं, "शुक्रवारी वाचनाला शेवटपर्यंत थांबतेस का?"

ती ओटा पुसत होती. पुसतच राहिली. "थांबते की."

तिनं माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. आजचं पहिलं. उद्या ती आली की समोर बसवून विचारणार. जे असेल ते असेल.

३१ मार्च, शुक्रवार

आत्ता साडेनऊ झालेत. ती झोपलीय. मी लिहिल्याशिवाय झोपू शकत नाही. जसं झालं तसं लिहितो.

ती सहाला गेली. मी दोघांना जेवू घातलं, अंघोळी घातल्या. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भुंग्याला निळा पेला देणार होतो, बाईसाहेबांनी झडप घालून वाचवलं. उशी कधी नेली, खिडकी कधी उघडली, माझं लक्षच नव्हतं.

गोष्ट सुरू केली. जिराफ सातव्या मजल्यावर पोचला. तिथल्या म्हाताऱ्या कासवीणबाईंनी पत्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, हे माझं नाही, पण ज्यानं लिहिलंय त्याला पत्ता ठाऊक नव्हता असं नाही, त्याला तो लिहायचा धीर झाला नाही. हे मी का म्हणालो, मला माहीत नाही. ठरवलं नव्हतं. मग जिराफ वळला, म्हणाला, चल गं...

आणि सायकलचं नाव आठवेना.

"चल गं काय?" बाईसाहेब.

"चल गं... तूच सांग ना."

"मला माहितीये. पण तू सांग."

मी डोकं खाजवलं. भुंगा गुणगुणायचा थांबून माझ्याकडे बघायला लागला. मन कुठे कुठे फिरत होतं, बाकावर, रस्त्यावर, सायकलवर नव्हतं. एक. दोन. तीन.

"चल गं मखमल."

खिडकीतून आलं. हळू, सपाट, भाव न घालता, आणि मग गप्प.

तो आवाज मी अंधारात दोनशे वेळा ऐकलाय. सायकलचं बारसं झालं गेल्या शुक्रवारी, ती घरी नसताना.

बाईसाहेबांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. हसू त्यातून सांडत होतं. भुंगा म्हणाला, "आई जिन्यात," जणू रोजचंच. मी म्हणालो, "चल गं मखमल," आणि जिराफाला आठव्या मजल्यापर्यंत नेलं, कारण अंक मधेच सोडायचा नाही ही मास्तरांची शिकवण. आठवा मजला माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब मजला होता. मग पाणी, शू, पाणी. गुणगुण बारीक होत होत थांबली. बाईसाहेबांनी आज मुद्दाम लवकर डोळे मिटले.

सव्वाआठ वाजले होते. दार उघडलं. ती तिसऱ्या पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून, बाईसाहेबांच्या उशीवर. चपला शेजारी काढून ठेवलेल्या. कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा मांडीवर. पकडलं गेलेलं माणूस बसतं तशी बसली होती.

"तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "तीन मोजले. विसरच होता."

मी खालच्या पायरीवर बसलो. "तू जात नाहीस तिथे?"

"जाते की. अर्धा तास बसते. सगळे विचारतात, तो कुठाय. मग नाही बसवत."

"मग घरी यायचं. इथे जिन्यात कसली बसतेस?"

"आत आले की दोघं माझ्यावर उड्या मारतात आणि गोष्ट बंद. पहिल्या दिवशी किल्ली काढली आणि तुझा आवाज आला. तू दुसऱ्या मजल्यावर होतास. म्हटलं, एवढं ऐकावं आणि जावं." तिनं केकचा कागद नीट केला. "किती दिवसांनी तुझा आवाज ऐकत होते मी. घरात तू मला फक्त 'झोपले' एवढंच म्हणतोस."

"पण नवापर्यंत?"

"मग तू भांडी घासतोस. बेसूर गातोस. तेही ऐकते."

"आणि काल खोटं का बोललीस?"

"तू तुझा शुक्रवार मला दिलास रे. एवढ्या प्रेमानं. तो जिन्यात बसून घालवते म्हणून कशी सांगू? वाटलं, तुला माझ्याशिवाय घरात बरं वाटतंय. तू कधी म्हणालासच नाहीस, की मलाही तुझ्याबरोबर यायचंय."

मला पुष्कळ बोलायचं होतं. रिकामी खुर्ची, त्यावरची पिशवी, सोळा वेळा म्हटलेलं "मुलं", दुकानात दोनदा चुकलेली काच, आणि तीन वर्षं. तोंड उघडलं आणि एकही शब्द आला नाही. मी तिच्या चपलांकडे बघत बसलो.

ती थांबली. तिनं मोजले असणार. मग माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, सपाट आवाजात:

"तुझी आठवण येते."

"तुझी आठवण येते," मी म्हणालो. आवाज फाटला. यावेळी तिच्याकडूनही भाव घातला गेला, डोळे पुसले तिनं. मग आम्ही केक अर्धा अर्धा खाल्ला. खालच्या आजोबांनी दार उघडून वर बघितलं, म्हणाले, "पुढे काय झालं त्या जिराफाचं?" आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं.

१ एप्रिल, शनिवार

मास्तरांना फोन केला. शुक्रवारी इतक्यात जमणार नाही, मुलं जरा मोठी होऊ देत, म्हणालो. खुर्ची मात्र कुणाला देऊ नका, आणि तिच्यावर पिशव्याही ठेवू नका. मास्तर म्हणाले, "वेडा आहेस." पिशवी काढतो, म्हणाले.

वाईट वाटलंच. नाटक मला हवं होतं, अजूनही हवं आहे. प्रयोग लागेल तेव्हा कुणीतरी एकटंच बघायला जाईल आणि दुसऱ्याला सांगेल.

काकांची फ्रेम झाली. फोटो आज पहिल्यांदा नीट बघितला. कुठल्यातरी नाटकाचा शेवट, सगळे नट रांगेत वाकलेले. अगदी कडेला, विंगेच्या काळोखात, एक गुडघा आणि एक हातोडी दिसते.

७ एप्रिल, शुक्रवार

कॅलेंडरवर आज एकाच चौकोनात खुर्ची आणि हातोडी. जागा पुरेना म्हणून बाईसाहेबांनी खुर्चीवरच हातोडी ठेवली.

तिनं निळा ड्रेस घातला. भुंग्यानं विचारलं, "कुठे चाललीस?" ती म्हणाली, "जिन्यात." त्याला ते पटलं.

गोष्ट मी सांगितली, पाणी तिनं दिलं. सव्वाआठला गुणगुण थांबली. खिडकी दोन बोटं उघडीच होती. आम्ही पावलं न वाजवता बाहेरच्या दारापाशी आलो.

चपलांच्या स्टँडवर आज दोन उशा होत्या. दुसरी भुंग्याची.